आवृत्ती वेगळी, पुनर्मुद्रण वेगळे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत एका कादंबरीचे परीक्षण आले होते. परीक्षण मन लावून लिहिलेले होते, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते त्याखालच्या छोट्या चौकटीबद्दल. पृष्ठे २८८, मूल्य ४५० रुपये, आणि त्यापुढे ‘सुधारित तिसरी आवृत्ती’.

या कादंबरीची पहिली आवृत्ती माझ्या कपाटात आहे. वाचताना खटकलेल्या जागी पेन्सिलीने बारीक खूण करायची माझी सवय जुनी आहे. ‘सुधारित’ हा शब्द वाचून मला खरोखर आनंद झाला. सोमवारी दुकानात जाऊन नवी प्रत आणली आणि दोन दिवस दोन्ही प्रती शेजारी ठेवून, ओळीखाली पट्टी धरून, ताडून पाहिल्या. पान ४७ वर ‘दीपमाळ’ऐवजी ‘दिपमाळ’ होते, ते तसेच आहे. पान ११२ वर एक ओळ ‘त्याच्या’ने संपते आणि पुढची ओळ पुन्हा ‘त्याच्या’नेच सुरू होते, तेही तसेच. पान १९० वर सुलभा तीन ओळींपुरती सुलोचना होते आणि चौथ्या ओळीत पुन्हा सुलभा. माझ्या जुन्या प्रतीत अशा तेवीस खुणा होत्या. नव्या प्रतीत तेवीसच्या तेवीस चुका त्याच पानावर, त्याच ओळीत सापडल्या. मलपृष्ठावरचा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांकही शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. नवे होते ते मुखपृष्ठ, मलपृष्ठावरचा मजकूर आणि किंमत.

प्रकाशकाचे वा लेखकाचे नाव मी घेत नाही. ही गोष्ट एकाच प्रकाशकाची असती तर पत्र त्यांनाच लिहिले असते. गेली काही वर्षे पुस्तकाच्या दुकानात उभी राहून मी शीर्षकपानाची मागची बाजू आधी वाचते, आणि ‘दुसरी आवृत्ती’, ‘पाचवी आवृत्ती’, ‘सहा महिन्यांत नववी आवृत्ती’ हे शब्द जिथे दिसतात तिथे बहुतेक वेळा म्हणायचे असते ‘दुसरी छपाई’, ‘पाचवी छपाई’, ‘नववी छपाई’.

मी छत्तीस वर्षे मुद्रितशोधनाचे, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधण्याचे काम केले. पहिली अकरा वर्षे साताऱ्यातल्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे हाताने जुळवून छापणाऱ्या, छापखान्यात आणि पुढची पुण्यात, संगणकावर जुळणी होऊ लागल्यानंतर. तिथे काम शिकताना इंग्रजी शब्दच कानावर पडले. गॅली, फर्मा, प्रूफ, मॅटर, कॉपी, एडिशन, इम्प्रेशन, रीप्रिंट. आमच्या छापखान्यातले जुने जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे कामगार, चौथीपर्यंत शिकलेले होते, पण या शब्दांतला एकही शब्द ते दुसऱ्याच्या जागी वापरत नसत. कारण प्रत्येक शब्दामागे एक वेगळे काम होते आणि त्या कामाचे वेगळे पैसे होते.

इंग्रजीत एडिशन आणि इम्प्रेशन हे दोन शब्द निरनिराळे आहेत. एडिशन ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ‘बाहेर देणे’, म्हणजे ग्रंथ सिद्ध करून लोकांपुढे ठेवणे. इम्प्रेशनच्या मुळाशी ‘दाबणे’ आहे. शाई लावलेल्या खिळ्यांवर कागद दाबला की छाप उठते, ते इम्प्रेशन. ग्रंथांचा काटेकोर अभ्यास करणारे लोक याची व्याख्या अगदी साधी करतात. एकाच जुळणीवरून छापलेल्या सगळ्या प्रती, मग त्या कितीही वर्षे आणि कितीही वेळा छापलेल्या असोत, मिळून एक एडिशन. त्यातली एका वेळी छापून काढलेली प्रत्येक खेप म्हणजे एक इम्प्रेशन. मजकूर पुन्हा जुळवला किंवा त्यात लक्षात येण्याजोगा फेरफार केला की नवी एडिशन सुरू होते. म्हणून पुष्कळ इंग्रजी पुस्तकांत शीर्षकपानामागे दहापासून एकपर्यंत आकड्यांची ओळ दिसते. प्रत्येक नव्या खेपेला त्यातला सर्वांत लहान आकडा काढून टाकतात आणि जो लहानात लहान आकडा शिल्लक असेल, तितकी ती छपाई. प्लेटवर नवा आकडा घालण्यापेक्षा असलेला खरवडणे सोपे, म्हणून ही युक्ती निघाली.

आता आपला ‘आवृत्ती’ हा शब्द पाहा. आ-वृत्, म्हणजे फिरून येणे. अथर्वशीर्षाची आवर्तने करतो, तबल्याचे आवर्तन फिरून समेवर येते, शाळेत पाठाची आवृत्ती करून घेतात. ‘तेच पुन्हा’ हा अर्थ या शब्दाच्या हाडातच आहे. एडिशनसाठी हा शब्द ज्या कोणी योजला त्यांच्या नकळत त्यात इम्प्रेशनचा अर्थही येऊन बसला. शब्द आता रुळला आहे, तो बदलावा असे माझे म्हणणे नाही. पण घोटाळा कुठून सुरू झाला हे सांगितले पाहिजे.

आणि एक गोष्ट जुन्या प्रकाशकांच्या बाजूने सांगितली पाहिजे, कारण ती आता फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. खिळ्यांच्या काळात पुनर्मुद्रण आणि आवृत्ती यांत आमच्यासारख्या छापखान्यांत खरोखरच फारसा फरक उरत नसे. फर्मा म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गट. २८८ पानांचे पुस्तक म्हणजे सोळा पानांचे अठरा फर्मे. एवढी पाने एकदम उभी ठेवायला खिळे असायचे कुठल्या छापखान्याकडे? एक-दोन फर्मे जुळवायचे, प्रुफे, म्हणजे तपासण्यासाठीच्या चाचणी छापा, काढायची, दुरुस्त करायचे, लोखंडी चौकटीत आवळून यंत्रावर चढवायचे, हजार-अकराशे प्रती काढायच्या, की लगेच तेच खिळे रॉकेलने धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. काना कान्याच्या खणात, वेलांटी वेलांटीच्या खणात. त्याशिवाय पुढचा फर्मा जुळवायला अक्षरेच नसत. वर्षा-दोन वर्षांनी पुस्तक पुन्हा छापायचे ठरले की पहिल्या अक्षरापासून सगळी जुळणी नव्याने करावी लागे. जुळारी नवा, चुका नव्या, प्रुफेही पहिल्याइतकीच. त्यामुळे शीर्षकपानावर ‘दुसरी आवृत्ती’ छापले जाई ते व्याख्येप्रमाणे अगदी बरोबर होते.

त्या दुसऱ्या जुळणीत काय होऊ शकते याचे एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. व्यक्तिचित्रांचे एक पुस्तक पुन्हा छापत होतो. गॅलीचे, म्हणजे पाने पाडण्याआधीच्या लांब जुळणीचे, प्रूफ माझ्यापुढे होते, एक मुलगा मूळ प्रत मोठ्याने वाचत होता. एका परिच्छेदात लागोपाठ दोन वाक्ये ‘उभी होती’ने संपत होती. आई दारात उभी होती. हातात कंदील घेऊन शेजारीण मागे उभी होती. जुळाऱ्याची नजर पहिल्या ‘होती’वरून दुसऱ्यावर गेली आणि मधली ओळ गळाली. वाचणाऱ्या मुलाचीही नजर तिथेच घसरली, त्यामुळे प्रूफ आणि प्रत दोन्ही जुळल्यासारखी वाटली. मजकूर वाचायला सुरळीत होता, शुद्धलेखनाची चूक नव्हती. पुढच्या पानावर मात्र शेजारीण कंदील विझवते. मी थांबले. कंदील आणला कुणी? मागे जाऊन पाहिले तेव्हा ती ओळ सापडली. मी तेव्हा वीस वर्षांची होते. आमच्या छापखान्यातल्या ज्येष्ठ शोधकांनी ते प्रूफ हातात घेऊन पाहिले आणि एवढेच म्हणाले, “म्हणून प्रत्येक आवृत्तीला पहिल्यापासून वाचायचे.” तेच मला पहिल्याच महिन्यात शिकवून गेले होते की चुकून खोडलेला शब्द ठेवायचा असेल तर त्याखाली ठिपके द्यायचे. इंग्रजी शोधक त्या जागी समासात ‘स्टेट’ (stet) असे लिहितात. तो लॅटिन शब्द आहे, अर्थ ‘राहू दे’. आम्ही सरळ मराठीतच ‘राहू दे’ लिहीत असू.

आता जुळणी संगणकात राहते. मजकुराची फाइल एकदा तयार झाली की ती दहा वर्षांनी उघडली तरी अक्षर हलत नाही. मागणी येईल तशा पन्नास-शंभर प्रती छापून घेता येतात, आणि ही सोय फार चांगली आहे. कित्येक दुर्मीळ पुस्तके तिच्यामुळे पुन्हा मिळू लागली. पण शंभर-शंभरच्या पाच खेपांना पाच आवृत्त्या म्हणणे बरोबर नाही. जुना शब्द राहिला, त्यामागची पुन्हा जुळवण्याची आणि पुन्हा वाचण्याची मेहनत गेली. मुद्रितशोधकाला तर बोलावलेच जात नाही, कारण ‘तेच तर छापायचे आहे’. आणि वर लिहायचे ‘सुधारित’. सुधारणा केली कुणी, कुठे, किती, याची एक ओळसुद्धा पुस्तकात नसते.

हा फरक सांभाळता येतो, आणि मराठीच्याच एका ग्रंथाने तो नीट सांभाळलेला आहे. माझ्या टेबलावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असतो. तो पहिल्यांदा १८३१ साली निघाला, तेव्हा त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. पुढे मोल्सवर्थने जॉर्ज आणि टॉमस कँडी या भावांच्या मदतीने तो पुन्हा सगळा हातात घेतला आणि १८५७ साली मुंबईत दुसरी आवृत्ती निघाली, सुधारून वाढवलेली. शब्द साठ हजारांच्या घरात गेले. वीस हजार शब्दांची भर, त्यामागची वर्षे, ही खरी दुसरी आवृत्ती. मग १९७५ साली पुण्याच्या शुभदा सारस्वत प्रकाशनाने तो पुन्हा उपलब्ध करून दिला. मधे एकशे अठरा वर्षे गेलेली, ना. गो. कालेलकरांची नवी प्रस्तावना जोडलेली. ‘तिसरी आवृत्ती’ म्हणण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी छापले ते ‘करेक्टेड रीप्रिंट’, म्हणजे दुरुस्त केलेले पुनर्मुद्रण. कोश मोल्सवर्थचा आहे, आम्ही तो पुन्हा छापला आणि छपाईतल्या चुका तेवढ्या काढल्या, हे त्या दोन शब्दांत सांगून झाले. मला या दोन शब्दांबद्दल फार आदर वाटतो.

दुसरे उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मजकूर ठरवलेली आवृत्ती, करण्याचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून तिचे प्रधान संपादक होते आणि १९४३ साली ते गेले तेव्हा काम निम्म्यातच होते. तिथे एका श्लोकातला एक शब्द कोणत्या पोथीत कसा आहे याची नोंद पानाच्या तळाशी आहे. आवृत्ती या शब्दाला असे वजन याच महाराष्ट्रात दिले गेले आहे.

फरक पडतो कुणाला, असे कुणी विचारील. मी निवृत्तीनंतर आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आठवड्यातून तीन दिवस दाखल रजिस्टर लिहायला बसते, म्हणून मला दिसते. अनुदानाची रक्कम तुटपुंजी असते. गेल्या वर्षी यादीत ‘सुधारित आवृत्ती’, ‘दुसरी आवृत्ती’ असे पाहून आम्ही चार पुस्तके पुन्हा घेतली. त्यातल्या तीन पुस्तकांची जुनी प्रत आमच्याच कपाटात होती आणि मजकूर तंतोतंत तोच निघाला. चौथ्या पुस्तकाची गोष्ट मात्र उलटी. एका गावाच्या इतिहासाचे ते पुस्तक. लेखकाने नंतर मिळालेल्या कागदपत्रांवरून एक सबंध प्रकरण नव्याने लिहिले होते आणि आधीच्या दोन तारखा चुकल्या होत्या असे स्वतः कबूल करून त्या बदलल्या होत्या. पुस्तकावर फक्त ‘दुसरी आवृत्ती’ एवढेच होते. मी योगायोगाने चाळले म्हणून कळले. आज आमच्याकडे येणारी पीएच.डी.ची मुले जुनी प्रत घेऊन त्या चुकीच्या तारखा उतरवून नेतात, कारण दोन्ही प्रतींत फरक असेल असे त्यांना कुणी सांगितलेलेच नाही. सगळ्याच छपायांना आवृत्ती म्हटल्यावर ज्याने खरी आवृत्ती काढली त्याचे श्रम कुणाच्या नजरेला पडणार?

नियमांनाही हा फरक कळतो. नुसत्या पुनर्मुद्रणाला नवा आयएसबीएन क्रमांक घ्यायचा नसतो. मजकुरात ठळक बदल झाला तर घ्यायचा असतो. त्यामुळे वर ‘सुधारित आवृत्ती’ आणि मागे जुनाच क्रमांक, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. पहिली आवृत्ती पाठवलेली असेल आणि पुढच्या आवृत्तीत काहीही भर वा बदल नसेल तर ती पाठवण्याची सक्ती नाही, असे त्याच कायद्यात म्हटले आहे.

शब्दांची ही हेळसांड आवृत्तीपुरती नाही. थोडक्यात आणखी दोन सांगते. एका अनुवादित चरित्रात वाचले की मृत्यूच्या आदल्या आठवड्यात लेखक ‘अंथरुणावर पडून पुरावे वाचत होता’. तो कुठल्या खटल्यात अडकला होता हे शोधायला मी दहा पाने मागे गेले. मग ध्यानात आले की मूळ इंग्रजीत ‘प्रुफे’ असणार. छापखान्यातले प्रूफ म्हणजे चाचणीची छाप. त्याच्यासाठी आपल्याकडे ‘मुद्रिते’ हा नेमका शब्द आहे, नाहीतर प्रुफे म्हटले तरी सगळ्यांना कळते. तसेच ‘कॉपी’चे. छापखान्यात कॉपी म्हणजे नक्कल नाही, छापायला आलेला मूळ मजकूर. तो मजकूर छपाईआधी वाक्यावाक्याने तपासून नीट करणारा तो कॉपी एडिटर. ‘प्रत संपादक’ असा अनुवाद मी वाचला आहे. त्यातून प्रती मोजणारा माणूस डोळ्यांपुढे येतो.

‘संपादक’ या एका शब्दावर तर आपण फार भार टाकला आहे. वृत्तपत्राचे आपण संपादक, दहा जणांचे लेख एकत्र बांधणारा संपादक, पोथ्या ताडून पाहणारे सुकथनकरही संपादक, आणि लेखकाच्या कादंबरीतली सुलभा सुलोचना होऊ नये म्हणून जागणाराही संपादकच. या शेवटच्या माणसाला मराठी पुस्तकात नाव देण्याची पद्धत जवळजवळ नाही. जो नुसते लेख गोळा करतो त्याला संकलक म्हणावे, आणि जो मजकुरावर हात फिरवतो त्याला संपादक म्हणून आत एका ओळीत नाव द्यावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. आधी ती १८६७ च्या कायद्याने असत, १ मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने असतात. जुना कायदा पुस्तकांनाही लागू होता, मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-गाव छापणे त्याने बंधनकारक होते. नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे. म्हणजे पुस्तकाच्या शीर्षकपानामागे काय छापावे हे विचारणारे एक माणूस कमी झाले. म्हणूनच आपल्या परीक्षणाखालच्या चौकटीकडे मी आशेने पाहते. प्रकाशक ती चौकट वाचतात.

माझी विनंती एवढीच आहे. त्या चौकटीत ‘पहिली आवृत्ती २०१४, दुसरे पुनर्मुद्रण २०२५’ अशा स्वरूपात माहिती द्यावी. पुस्तकावर ‘सुधारित’ असेल तर काय सुधारले ते प्रकाशकाला विचारून एका ओळीत द्यावे, आणि उत्तर आले नाही तर ‘सुधारित’ हा शब्द चौकटीतून गाळावा. पुनर्मुद्रण म्हणण्यात कमीपणा नाही. पुस्तक तीनदा छापावे लागले ही लेखकाला आणि प्रकाशकाला अभिमान वाटण्याजोगीच गोष्ट आहे, आणि ती आहे तशी सांगता येते.

त्या कादंबरीतल्या तेवीस चुकांची पान आणि ओळ घालून केलेली यादी मी काल टपालाने प्रकाशकांकडे रवाना केली. खरी सुधारित आवृत्ती काढायचे त्यांनी मनावर घेतले तर तिची प्रुफे वाचायला मी मोबदला न घेता यायला तयार आहे, असे सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे. चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण सकाळच्या उजेडात अजून दिवसाला एक फर्मा होतो.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
जि. सातारा